पाळीव धोंडा

धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण देतात, एवढं मला ठाऊक होतं. जावयाने मामेसासऱ्याला धोंडा द्यायचीही रीत आहे, हे गेल्या शनिवारी व्हाइटफील्डला कळलं.

आमचे भाचेजावई तिथे एका सोसायटीत सोळाव्या मजल्यावर राहतात. सोसायटीच्या नावात ‘वुड्स’ आहे. झाडं होती ती नावाला जागा करून देताना गेली. तर त्यांचा फोन आला. “मामा, शनिवारी क्लबहाउसमध्ये ‘सेव्हन्टीज अमेरिका नाइट’ आहे. त्या काळचा ड्रेस घालून या.” जावईबापूंचा जन्म १९८७चा, तोही इचलकरंजीतला. पण १९७५ साली सॅन फ्रान्सिस्को किती निवांत होतं हे ते असा उसासा टाकून सांगतात, की लहानपणी तिथल्या गल्लीत विटीदांडू खेळले असावेत.

ट्रंक उघडली. १९७५ साली चिकपेटमधल्या शिंप्याकडून शिवलेली टेरिलीनची बेलबॉटम निघाली. तळाचा घेर अजून सव्वीस इंच, कापडाला एक चुणी नाही. मधल्या पन्नास वर्षांत पंचवार्षिक योजना फक्त माझ्या पोटाने पूर्ण केल्या, त्यामुळे बटणाच्या जागी सेफ्टी पिन आली. सौ. म्हणाली, “बसताना जपा.”

मल्लेश्वरमहून टॅक्सी केली. मेट्रोने गेलो असतो, पण ती पिन आणि मेट्रोतली गर्दी यांचा मेळ बसेना. के. आर. पुरमला गाडी थांबली ती थांबलीच. वेळ जावा म्हणून मी ड्रायव्हरला सांगितलं, की १९७४च्या जानेवारीत निक्सनने सही करून अमेरिकेतल्या गाड्यांना ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली. अरबांनी तेल अडवलं होतं, पेट्रोल वाचवायचं होतं. ५५ मैल म्हणजे जवळजवळ ८८ किलोमीटर, आणि एवढ्याने तिकडे स्वातंत्र्य धोक्यात आल्याची ओरड झाली! ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, “८८ म्हणजे दिवसाला ना, सर?”

क्लबहाउसच्या दारातच पुठ्ठ्याचा पेट्रोल पंप उभा केला होता. अमेरिकेत त्या हिवाळ्यात पंपांवर मैलभर रांगा लागल्या. काही राज्यांत तर गाडीच्या नंबरचा शेवटचा आकडा सम की विषम यावर पेट्रोलचा दिवस ठरत होता. त्या टंचाईची ही सजावट. पोरं-पोरी पंपाशेजारी खोट्या रांगेत उभी राहून फोटो काढत होती, आणि त्या फोटोसाठी खरी रांग लागली होती. मला भडभडून आलं. आम्ही रॉकेलला रांग लावली, दुधाला लावली. स्कूटरसाठी नंबर लावला आणि ती येईपर्यंत तिच्यावर बसवायची मुलं सायकल चालवायला लागली. रांगेत फोटो काढायचा असतो, हे तेव्हा कोणी सांगितलंच नाही.

वेशभूषेत मला ‘गुड ट्राय’ मिळालं. परीक्षक मुलगी गोड होती. म्हणाली, “अंकल, क्यूट आहे, पण थोडं इंडियन वाटतं. ऑथेंटिक नाही.” पहिलं बक्षीस ऑनलाइन भाड्याने आणलेल्या पॉलिएस्टर सुटाला आणि चिकटवलेल्या कल्ल्यांना. माझे कल्ले खरे होते. कारखान्याच्या नोकरीत झडले.

मग क्विझ. निक्सनने राजीनामा का दिला? सगळे एका सुरात ओरडले, “वॉटरगेट!” ९ ऑगस्ट १९७४ ही तारीखसुद्धा एका पोराने फोन न बघता सांगितली. जॉज कधी लागला? जून १९७५. फोर्डसाहेबांनी महागाईवर काय इलाज काढला? कोटाला लावायचा बिल्ला! ‘विन’, म्हणजे महागाईला चाबकाने फोडा. सरकारने बिल्ले वाटले, महागाईने ते वाचले नाहीत. विरोधक बिल्ला उलटा लावून फिरायचे. सभागृह हसलं. मीही हसलो, कारण त्या सुमारास आपल्याकडे महागाई पंचवीस टक्क्यांवर गेली होती आणि वर्षभरात आपलाही इलाज निघाला: बोलणं कमी, काम जास्त, अशी पाटी. आमच्याकडची पाटी उलटी लावायची मात्र सोय नव्हती.

पुढचा प्रश्न : १९७५ साली टीव्हीवर कोणती नवी गोष्ट सुरू झाली? मी हात वर केला. “साइट!” १ ऑगस्ट १९७५ला नासाने आपला एटीएस-६ उपग्रह आपल्याला वर्षभर वापरायला दिला, आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत एकदम टीव्ही आला. कर्नाटकातले जिल्हे होते रायचूर, गुलबर्गा आणि विजापूर. विजापूरकडचा शेतकरी शाळेच्या पटांगणात बसून अमेरिकेच्या उपग्रहावरून खताची माहिती बघत होता आणि तेव्हा खुद्द बंगळूर शहरात टीव्ही नव्हता. ज्यांनी त्याच वर्षी पीण्या भागातल्या शेडमध्ये आर्यभट्ट बांधून १९ एप्रिलला रशियाच्या रॉकेटवरून वर पाठवला, त्यांच्याही घरी संध्याकाळी रेडिओच. क्विझमास्तर कार्ड बघत म्हणाला, “सॉरी अंकल. सॅटरडे नाइट लाइव्ह.”

माझं डोकं तापलं. म्हटलं, एक प्रश्न मी विचारतो. २६ जून १९७५च्या सकाळी बंगळुरात कोणाला उचललं होतं?

शांतता. मागून एकजण म्हणाला, “उचललं म्हणजे पिकअप? एअरपोर्टवरून का?”

नाही रे बाबा. पोलिसांनी, आणीबाणीत. वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि आपले मधु दंडवते. ही मंडळी संसदेच्या समितीच्या बैठकीला इथे आली होती. विषय काय, तर पक्षांतर कसं थांबवावं! पक्षांतर थांबवणारे तुरुंगात गेले आणि पक्षांतराची सोय मात्र या शहराने पुढे नावारूपाला आणली. २००२ साली विलासरावांचं सरकार डळमळलं तेव्हा महाराष्ट्राचे आमदार हवापालटाला इथल्याच रिसॉर्टात आणून ठेवले होते. दंडवत्यांचा मुक्काम सेंट्रल जेलमध्ये होता, प्रमिलाताईंचा येरवड्यात. संसार वर्षभराहून जास्त पत्रांवर चालला. पुढे दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर त्यांनी दोन इंच फोम घातला. फळीशी त्यांचा परिचय कुठे वाढला असेल, हे मी सांगायला नको.

त्याच जेलमध्ये ‘संस्कार’ चित्रपटातल्या स्नेहलता रेड्डी होत्या. त्यांना दमा होता. जानेवारी १९७७मध्ये सुटल्या आणि काही दिवसांत गेल्या. हे मी क्विझमध्ये सांगितलं नाही. तिथे तेव्हा डिस्को लागला होता.

जेलच्या जागेवर आता फ्रीडम पार्क आहे. शहरात कोणाला निषेध करायचा असेल तर तिथेच जाऊन करायचा, असा दंडक आहे. नाव स्वातंत्र्याचं, जागा तुरुंगाची आणि बाहेर पोलीस. सरकारला विनोद कळत नाही असं कोण म्हणतो?

जावईबापूंनी मला कोपऱ्यात बसवून लिंबूपाणी दिलं. म्हणाले, “मामा, आपल्या सेव्हन्टीजमध्ये थीम करण्यासारखं काही नव्हतं हो.” मी विचार केला. मनात आलं, खरंच एक ‘आणीबाणी नाइट’ करावी. दारात ओळखपत्र, आत वीस कलमं. डीजेने किशोरकुमार लावायचा नाही; १९७६मध्ये आकाशवाणीने लावला नव्हताच. सगळे वेळेवर येतील आणि कोणी काही बोलणार नाही. पण मग आठवलं, ती पार्टी मी एकदा केलेली आहे. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, कारखान्यात नवा. त्या एकवीस महिन्यांत एकदाही लेट झालो नाही. फोरमनने पाठ थोपटली होती. दंडवते कुठे आहेत हे कँटीनमध्ये सगळ्यांना माहीत होतं, आणि आम्ही सांबारात मीठ कमी आहे याबद्दल निर्भीडपणे बोलत होतो.

निघताना परतीची भेट मिळाली. पुठ्ठ्याचं खोकं, त्याला श्वास घ्यायला भोकं, आत गवताच्या गादीवर एक धोंडा. पेट रॉक. हे काही सोसायटीचं डोकं नव्हे. गॅरी डाल नावाच्या कॅलिफोर्नियातल्या जाहिरातवाल्याने १९७५च्या ऑगस्टमध्ये हा माल सॅन फ्रान्सिस्कोच्या मेळ्यात आणला. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरचा गोटा, किंमत ३ डॉलर ९५ सेंट. कुत्र्याला फिरवावं लागतं, मांजराला दूध लागतं, याला काहीच नाही. लोकांनी दहा लाखांवर गोटे घेतले आणि पुढचा वसंत यायच्या आत विसरले. सोबत बत्तीस पानांची पुस्तिका असायची, धोंड्याला शिकवायचं कसं याची. ‘बस’ आणि ‘हलू नकोस’ या आज्ञा तो लगेच उचलतो. लोळायला सांगितलं तर थोडा हात लावावा लागतो. मेल्याचं सोंग त्याला उपजतच येतं.

टॅक्सीत ती पुस्तिका वाचताना मला घाम फुटला. तारखा बघा. ऑगस्ट १९७५. अमेरिकन माणूस पैसे मोजून धोंड्याला जे शिकवत होता, ते आपण फुकटात शिकलो होतो. आणि तरी धोंडा सरस ठरला. वाकायला सांगितलं तेव्हा तुम्ही रांगलात, असं अडवाणींनी पुढे पत्रकारांना सुनावलं. धोंड्याला काहीही सांगा, तो रांगत नाही.

ऑगस्ट १९७५मध्ये आपणही दगड विकलेच, पण मोठे. शोले १५ तारखेला लागला आणि त्यातले ते राक्षसी खडक बंगळूरपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या रामनगरचे. सिप्पींनी तिथे अख्खं गाव उभारलं होतं. ठाकूर गब्बरला तुडवून मारतो, असा मूळ शेवट. आणीबाणीतल्या सेन्सॉरला ते पटेना. कायदा हातात घेण्याचा हक्क तेव्हा फक्त सरकारला होता. मग पडद्यावर पोलीस आले. मूळ शेवट पन्नास वर्षांनी, २०२५ साली, इटलीतल्या बोलोन्याच्या चौकात मोठ्या पडद्यावर दाखवला गेला. त्याच वर्षी इकडे रामनगर जिल्ह्याचं नाव बदलून ‘बंगळूर दक्षिण’ झालं. खडकांना कळवलं आहे की नाही, कल्पना नाही.

त्याच ऑगस्टमध्ये मद्रासकडे के. बालचंदर यांचा ‘अपूर्व रागंगळ’ लागला आणि त्यात एक नवा पोरगा फाटक ढकलून आत आला. शिवाजीराव गायकवाड, बंगळूरचा मराठी, बीटीएस बसचा कंडक्टर. हे मी जावईबापूंना सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, “रजनीकांत मराठी? मग त्याचा अमेरिकेशी काय संबंध?” मला उत्तर सुचलं नाही. बंगळूरच्या त्या मजल्यावर प्रत्येक गोष्टीचा शेवटी हाच प्रश्न असतो.

घरी पोचायला साडेअकरा झाले. खोकं उलटं करून पाहिलं. तळाला किंमत सातशे नव्याण्णव, आणि बारीक अक्षरात ‘उगम : कर्नाटक’. धोंड्याचा कबरा रंग ओळखीचा वाटला. रामनगरच्या बाजूचाच असावा बिचारा. सॅन फ्रान्सिस्कोचा वेश घालून व्हाइटफील्डला उभा केलेला. त्याला मात्र कोणी ऑथेंटिक नाही म्हणालं नाही.

आमच्या इमारतीच्या लिफ्टपाशी पाटी आहे, पाळीव प्राण्यांना लिफ्ट वापरण्यास मनाई. खाली कोणी नव्हतं. वॉचमन खुर्चीत मेल्याचं सोंग घेऊन बसला होता. मी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा खोक्याच्या भोकांकडे पाहिलं, सेफ्टी पिन चाचपली आणि जिन्याने वर निघालो. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.