पाच ट्रॉल्या कांद्याचा फोन

आमच्या ओझरच्या नावाला अजून ‘मिग’ चिकटलेलं आहे. १९६४ साली एचएएलचा कारखाना आला, मिग-२१ विमानं बांधू लागला आणि खंडोबाचं ओझर ‘ओझर मिग’ झालं. मी त्याच कारखान्यातून निवृत्त झालो. त्यामुळे घरात मिक्सर घ्यायचा असला तरी पंचनामा माझ्याकडे येतो.

२०२५च्या सप्टेंबरात पुतण्या आला. “काका, आयफोन १७ प्रो घ्यायचाय. १,३४,९००.”

“रुपये?” मी उगाच विचारलं.

आमच्याकडे हिशेब कांद्यात होतो. हजार रुपये क्विंटल धरला तरी १३५ क्विंटल. म्हणजे पिंपळगावच्या मार्केटला पाच ट्रॉल्या रिकाम्या करायच्या आणि येताना खिशात आणायचे दोनशे ग्रॅम.

“बॉडी कशाची?”

“ॲल्युमिनियमची. मागची टायटॅनियमची होती.”

“मग स्वस्त झाला असेल!”

“नाही, पंधरा हजारांनी वाढला.”

टायटॅनियम काढून ॲल्युमिनियम घातलं आणि वर भाव चढवला! आमच्या स्टोअरमध्ये कुणी हे केलं असतं तर चौकशी लागली असती. पण स्टोरेज दुप्पट झालंय, शिवाय ॲल्युमिनियम उष्णता लवकर बाहेर टाकतं, असं त्यानं सुनावलं. दुसरा मुद्दा मला मान्यच करावा लागला. विमानाच्या पत्र्यात जन्म गेलाय.

“आणि भगवा रंग आहे,” तो म्हणाला.

वहिनी आतून ओरडल्या, “चंपाषष्ठीला भंडारा उधळला की सगळे फोन पिवळेच होतात!”

फोनची विक्री १९ सप्टेंबरला सुरू झाली आणि २६ सप्टेंबरला हवाई दलानं मिग-२१ निवृत्त केलं. ६२ वर्षं सेवा! हा फोन किती वर्षं चालेल, मी विचारलं.

“पुढच्या सप्टेंबरात १८ येईल ना, काका.”

द्राक्षं वर्षातून एकदा पैसे देतात, हप्ता दर महिन्याला मागतो, हेही सांगून पाहिलं. चोवीस हप्त्यांवर फोन आला.

परवा गच्चीवर नेऊन त्यानं मला आठपट झूम दाखवला. मानलं! लांबवरची कारखान्याची भिंत हाताशी आली, तिच्यावरची पाटी अक्षर न् अक्षर वाचता आली : ‘येथे फोटो काढण्यास सक्त मनाई आहे.’