स्वयंसिंचित काका

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये गच्चीची किल्ली ज्या काकांकडे असते, ते काका हल्ली बहुतेक शेतकरी निघतात. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नसतं. हयात बँकेत, नाहीतर वीज मंडळात गेलेली. निवृत्तीनंतर रंगाच्या रिकाम्या बादल्या आणि पीव्हीसी पाइपचे तुकडे जमवून त्यांनी वर वांगी, टोमॅटो, पालक लावलेला असतो. तोही साध्या कुंडीत नव्हे, आपलं आपण पाणी पिणाऱ्या कुंडीत. माझं म्हणणं एवढंच, की या कुंडीने रोपाची सोय झाली, पण काका बेकार झाले आणि त्या बेकारीची झळ खालच्या चार मजल्यांना बसते.

कुंडीबद्दल तक्रार नाही. तळाशी पाच-सहा लिटरचं टाकं, त्यावर भोकं पाडलेली चकती, वर कोकोपीट आणि गांडूळखत. चकतीतून खाली सोडलेली जुन्या बनियनची पट्टी समईतल्या वातीसारखी पाणी वर ओढते. जादा पाणी जायला बाजूला एक भोक, टाकं भरायला कोपऱ्यात नळी आणि नळीत पाण्याची पातळी दाखवणारी, थर्माकोलच्या तुकड्यावर तरंगणारी काडी. म्हणजे रोज झारी घेऊन फिरायचं काम संपलं. माणसाने दोन-तीन दिवस खुशाल गावाला जावं, याचसाठी हा सगळा खटाटोप. पण काका जात नाहीत. गेलेच, तर बेंगळुरूला लेकीच्या घरी बसून वॉचमनला फोन करतात आणि काडी किती खाली गेली ते विचारतात. एरवी झारीचा वाचलेला वेळ शेजाऱ्यांना डोस पाजण्यात जातो. मिलीबगवर कडुनिंबाचं तेल कसं फवारावं, दशपर्णी अर्क किती दिवस मुरवावा, दुधीच्या मादी फुलाला नर फुलाचे परागकण ब्रशने कसे लावावेत! तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरलेला माणूस चौथ्या मजल्यावर उतरतो तेव्हा त्याला कोकोपीट किती वेळा धुवावं हेही कळलेलं असतं. जादा झालेलं बाहेर टाकायला कुंडीला भोक असतं. शेजाऱ्याला ती सोय नाही.

यावर कुणी म्हणेल, पाणी तर वाचतं ना? उन्हाळ्यात नक्कीच वाचतं आणि टँकर मागवणाऱ्या सोसायटीत त्याची किंमत आहे. पण मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत कुंडी आपणहून पाणी पीत नाही, नाही म्हणता येत नाही म्हणून पिते. तेव्हा सगळी भिस्त बाजूच्या भोकावर. त्या भोकाला आणि नळीला बारीक जाळी लावलेली नसेल, तर टाक्यात डेंग्यूच्या डासांची पैदास होते. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, टोमॅटोला दोन-तीन महिने लागतात. गच्चीवरचं सर्वात भरवशाचं पीक कोणतं, ते महापालिकेच्या नोटिशीवरूनच कळतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: भाजी ताजी असते, तिच्यावर कसली फवारणी झाली हे ठाऊक असतं आणि ओला कचरा खत होऊन जिरतो. हे सगळं मान्य. अशा पालकाला मंडईतला पालक हरतो, यातही वाद नाही. मात्र ‘घरची भाजी फुकट पडते’ हे काकांचं वाक्य काकूंसमोर कधी उच्चारलं जात नाही, कारण कोकोपीटची बिलं त्यांच्याकडे असतात. शिवाय ओल्या मातीची आणि भरल्या टाक्याची एकेक बादली वीस-पंचवीस किलोंची. अशा वीस बादल्या म्हणजे कोब्यावर जवळपास अर्धा टन. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या छताला ओल आली, की काका ती पावसाची असल्याचं सिद्ध करतात. कधीकधी ते खरंही असतं.

तेव्हा तुमच्या सोसायटीत असे काका असतील, तर त्यांच्याकडून गच्चीची किल्ली काढून घेऊ नका. माणूस निरुपद्रवी आहे, मेथीही चांगली देतो. फक्त पुढच्या वार्षिक सभेत, नव्या बादल्या वर चढण्यापूर्वी, वॉटरप्रूफिंगच्या खर्चात त्यांचा वाटा किती, ते इतिवृत्तात लिहून घ्या.