आवाज येऊ लालाय का?

माइकवर फुंकर मारणारा माणूस तुमच्या ओळखीत आहेच. नाव वेगळं असेल, गाव वेगळं असेल, फुंकर तीच. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी हा गृहस्थ स्टेजवर चढतो, प्रमुख पाहुण्यांना कोपरानं बाजूला सारतो, जाळीवर बोटानं टकटक करतो, दोनदा फुंकतो आणि ‘हॅलो, हॅलो’ करून अशा रुबाबात खाली उतरतो, की पुढची भाषणं नाही झाली तरी कार्यक्रम पार पडल्यासारखा वाटावा. आमच्या घराण्यात हे खातं मामांकडं आहे. मुक्काम साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. गावात त्यांचं खरं नाव आता फक्त रेशनच्या मशीनला माहीत. बाकी सगळ्यांना ते हॅलोमामा.

सप्ताहाच्या दिवसांत पहाटे काकडा सुरू व्हायच्या आधी गावाला जाग येते ती मामांच्या फुंकरीनं. पिंपळाला बांधलेल्या भोंग्यातून आधी ‘फू... फू...’ येतं, मग घसा खाकरल्याचा आवाज आणि मग तो प्रश्न : “आवाज येऊ लालाय का?” आता पहाटे चारला अंथरुणात पडलेल्या माणसानं याला उत्तर काय आणि कुठून द्यायचं? पण मामा उत्तरासाठी थांबतात. खरोखर थांबतात. वेशीपलीकडच्या आखाड्यावरून कुणीतरी ‘येऊ लालाय’ म्हणून ओरडल्याशिवाय ते माइक विणेकऱ्याच्या हातात देत नाहीत.

मामी म्हणतात, ही सवय लग्नाच्याही आधीची. स्वतःच्याच लग्नात अंतरपाट धरलेला असताना मंगलाष्टकांच्या माइकनं शिट्टी धरली, तेव्हा नवरदेव बोहल्यावरून उतरून मांडवाबाहेर गेला, भोंग्याचं तोंड फिरवून आला, माइक फुंकला आणि मग अक्षता पडल्या. “मला वाटलं पळून गेले,” मामी सांगतात. पुढं किंचित थांबून, “गेले असते तर...” पण ते वाक्य त्या कधी पुरं करत नाहीत.

पुढं पुढं फुंकर माइकपुरती राहिली नाही. टीव्हीचा रिमोट चालेना, तर सेल काढून फुंकर. मोटारीचा स्टार्टर, गॅसचा बर्नर, नातवाचा फुटलेला गुडघा, सगळ्यांवर इलाज एकच. मोंढ्यात हळदीचं पोतं काट्यावर चढवलं, की मामा आधी काट्याच्या आकड्यांवर फुंकतात. अडत्या त्यांना काही बोलत नाही. बोलून उपयोग नसतो.

नरसी याच जिल्ह्यातलं. नामदेवांची कथा इथं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक : औंढ्याला देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही म्हणून ते मागे जाऊन उभे राहिले आणि कीर्तन ऐकायला देऊळच फिरलं. मामांची या कथेवर श्रद्धा आहे. फक्त एक तांत्रिक हरकत आहे : “तव्हा मशीन असतं, तर देवळाला फिरायची पाळी आली नसती. भोंगा फिरवला असता, काम झालं असतं.”

तर अशा माणसाच्या घरी मी लॅपटॉप घेऊन गेलो. सोयाबीनची काढणी चालू होती, मला गावाची हौस आली होती आणि ऑफिसनं ‘कुठूनही काम करा’ म्हटलं होतं. ओसरीच्या कोपऱ्यात रेंज बरी येते. सकाळी तिथं मीटिंग उघडली. पुण्यातल्या सहकाऱ्यांची तोंडं हलत होती, आवाज नाही. मी बोललो, तर सगळ्यांनी कानांवर हात नेले. आणि ओसरीच्या दारात, खिशात टेस्टर, गळ्यात कालच रात्री माझ्या बॅगेतून ‘चेक करायला’ काढलेला नेकबँड, अशा थाटात मामा उभे.

“थांब. पाहू दे.”

पहिला प्रश्न, याचा माइक कुठं हाये? मी कॅमेऱ्याशेजारची दोन बारीक भोकं दाखवली. मामांना ही चेष्टा वाटली. त्यांचा माइक म्हणजे हातात वजन लागणारी वस्तू. आत चुंबक, तारेचं वेटोळं आणि त्याला जोडलेला पडदा. पडदा हलला की वेटोळं हलतं, वीज तयार होते, सगळं डोळ्यांना दिसतं. त्या माइकनं मामांनी मांडवाचा खिळा ठोकल्याचं मी स्वतः पाहिलंय आणि त्यानंतर त्याच माइकवर हरिपाठ झालाय. लॅपटॉपच्या भोकामागं असते सिलिकनची चिप आणि तिच्यावर केसाहून पातळ पडदा. मी हे सांगेपर्यंत टेस्टरचं टोक भोकाच्या दिशेनं निघालं होतं. हात धरला म्हणून ते वाचलं, पण तोंड कोण धरणार? मामांनी पोटापासून फुंकर मारली.

आणि पडद्यावरचे पुण्यातले सगळे चेहरे एकदम मागं सरकले.

“पाय! गेली का नाई!” मामा म्हणाले.

मी बोललो. पुन्हा कानांवर हात. मामा म्हणाले, “हॅलो, आवाज येऊ लालाय का?” आणि पुण्यातून अंगठे वर झाले. माझ्या पगारातून घेतलेलं यंत्र माझ्या देखत मामांच्या कह्यात गेलं होतं. मी सेटिंग उघडलं. प्रायव्हसीत मायक्रोफोनची परवानगी चालू. ब्राउझरची परवानगी चालू. कीबोर्डवरचं माइकचं बटण ठीक, लाल दिवा नाही. ड्रायव्हर अद्ययावत करायला लावला, तो गोल गोल फिरत बसला. इनपुटची पट्टी तेवढी विचित्र वागत होती : मी ओरडलो तरी जेमतेम हलायची आणि मामा नुसते खाकरले तरी टोकाला जायची. “मशीनला मानूस कळतं,” मामा म्हणाले आणि व्यापाऱ्याचा फोन आला म्हणून नेकबँडची बोंडं कानात घालत अंगणात गेले.

थोड्या वेळानं अंगणातून आवाज आला.

“हाव साहेब, बोला... नाई, भाचा हाये माझा... पोरगं चांगलं हाये, पन लई घाबरतंय. तुम्ही त्याला जास्त काम देऊ नका... सोयाबीन? सोयाबीनचं काय सांगू साहेब, भिजलं सगळं...”

मग ते आत आले. कानात बोंडं तशीच. चेहऱ्यावर निरोप्याचं गांभीर्य.

“तुझा साहेब म्हनू लालाय, तू म्यूट हायेस.”

प्रकार साधा होता. नेकबँड माझ्या लॅपटॉपला पूर्वी जोडलेला. मामांनी तो चालू करताच ब्लूटूथनं जुनी ओळख काढली आणि लॅपटॉपनं आपलं तोंड आणि कान दोन्ही मुकाट्यानं मामांच्या गळ्यात बांधून टाकलं. ब्लूटूथची पोच साधारण दहा मीटरची, म्हणजे मामांच्या अंगणाला पुरून उरेल एवढी. मीटिंगचा अर्धा तास पुण्यानं ऐकला होता तो मामांचा : बैलाला हाक, मामीशी वाद, हळदीचा भाव आणि अधूनमधून फुंकर. तेव्हापासून आमचे साहेब मीटिंगच्या सुरुवातीला माझी नाही, मामांची चौकशी करतात.

मला राग यायला हवा होता. आलाही. पण मामांवर फार वेळ रागावता येत नाही, याला कारणं आहेत आणि ती मी नाइलाजानं सांगतो.

10 जुलै 2024 ची सकाळ. सात वाजून गेले होते. जिल्ह्यात जमीन हलली, 4.5 तीव्रतेचा धक्का, केंद्र कळमनुरी तालुक्यात. इथल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यातून 1993 चं किल्लारी कधी गेलेलं नाही, त्यामुळं भांडी वाजली की काळजात चर्र होतं. मामा तेव्हा चहा पीत होते. कप ठेवून ते घराबाहेर पडले. पण मोकळ्या जागेत नाही, देवळात गेले, माइकशी. भोंग्यातून आधी ‘फू... फू...’ आलं. जमीन हललेली असतानाही. मग : “घरातून भाईर या. लेकरं घ्या, म्हातारे घ्या. पत्रा, मातीची भिंत, कशाखाली थांबू नका. आवाज येऊ लालाय का?” मामी सांगतात, त्या दिवशी प्रत्येक गल्लीतून उत्तर आलं.

गावात कोण वारलं, कुणाची म्हैस सुटली, पोलिओचा डोस कधी, रेशन कधी, हे सगळं वर्षानुवर्षं याच फुंकरीमागून आलेलं आहे. आता व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे. त्यावर बातमी पोचते, पण पोचली का असं कुणी विचारत नाही. सप्ताहालाही हल्ली बाहेरची मोठी साउंड सिस्टिम येते, तिच्याबरोबर टी-शर्टवाली पोरं येतात आणि ती मामांना मिक्सरला हात लावू देत नाहीत. मामा मागं खुर्ची टाकून बसतात. ओठांचा चंबू होतो आणि तसाच मिटतो.

एकदा अतिवृष्टीच्या पंचनाम्यांसाठी एका कार्यालयानं गावोगाव व्हिडिओ बैठक ठेवली. ग्रामपंचायतीत लॅपटॉप मांडला, सगळे भोवती. साहेब पडद्यावर बराच वेळ बोलले, स्वच्छ, एक शब्द चुकला नाही. मग गावकरी बोलायला लागले, तर पडद्यावरचे साहेब फायली चाळत होते. सगळ्यांनी मामांकडं पाहिलं. मामांनी फुंकलं, टकटक केलं, माझ्याकडून शिकल्याप्रमाणे इनपुटची पट्टी पाहिली. पट्टी टोकापर्यंत जात होती.

“आपला माइक चालू हाये,” मामांनी जाहीर केलं. “आवाज तिकडून बंद केलाय.” बैठक संपली. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ अशी नोंद आहे.

ऐकण्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो : आमच्याच जिल्ह्यात, औंढा तालुक्यात दुधाळ्याला लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा होणार आहे. केंद्रानं 2023 मध्ये 2600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू आणि त्यांतून कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठं तरी दोन कृष्णविवरं आदळली, त्याची प्रोटॉनहूनही बारीक थरथर टिपायची. मी मामांना हे समजावून सांगितलं. एवढ्या लांबचं ऐकू येणार याचं त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “चालू करायच्या आधी चेक कोन करनार?”

तेव्हा वाचकहो, तुमच्या लॅपटॉपचा माइक चालेना झाला, तर आधी घरात कुणाच्या गळ्यात काय लटकतंय ते पाहा आणि ब्लूटूथ बंद करा. मग सेटिंगमध्ये इनपुटला कोणता माइक निवडलाय ते पाहा, परवानगी पाहा, कीबोर्डवरचा लाल दिवा पाहा. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. भोकात टाचणी घालू नका आणि फुंकू तर अजिबात नका. अगदीच राहवत नसेल तर साखऱ्याला फोन लावा. मामा तिकडूनच फुंकून देतात, पैसे घेत नाहीत.