तिघांना कामाला लावलंय म्हणे!

अहो, ऐकलंत का? शेजारच्या वहिनींच्या धाकट्यानं तीन माणसं कामाला ठेवलीत म्हणे. माणसं कसली... तेच ते एआय! परवा भिशीला वहिनी केवढ्या तोऱ्यात सांगत होत्या, "आमच्याकडे तिघं रात्रंदिवस राबतायत, चहा नको की सुट्टी नको." कोपऱ्यावरच्या काकू कसल्या गप्प बसतायत! "पगार किती हो?" तर म्हणे महिना वीस डॉलर एकेकाला. मी मनात हिशेब केला, आमच्या पोळीवाल्या मावशी याहून जास्त घेतात, वर दिवाळीला बोनस. पण हे वीस डॉलर नुसते दाखवायचे हं. काम वाढलं की ऐन मोक्याला "कोटा संपला" म्हणून हात वर करतात, मग घ्या शंभर नाहीतर दोनशे डॉलरवाला प्लॅन. हे वहिनींनी नाही सांगितलं, त्यांच्या सूनबाईनं, म्हणजे त्या धाकट्याच्याच बायकोनं सांगितलं, कपडे वाळत घालताना. ती हिंजवडीला टेस्टिंगमध्ये आहे ना, तिच्या पोटात काही राहत नाही...

तर काय सांगत होते, धाकटा नोकरी सोडून घरी बसला तेव्हाच आपलं बोलणं झालं होतं. आता सोसायट्यांच्या मेंटेनन्सची बिलं काढायचं सॉफ्टवेअर करतोय. आपलीही बिलं त्यातूनच निघतात, म्हणून तर माझा जीव अडकलाय! आधी त्याच्याकडे ते कोपायलट होतं, 2022 साली सगळ्यांना खुलं झालं ते. आपण अर्धी ओळ लिहायची, पुढची ते सुचवणार. भागत होतं हो तेवढ्यावर. पण 2025 उजाडलं आणि रांगच लागली. क्लॉड कोड आलं, कोडेक्स आलं, जेमिनी सीएलआय आलं. ही मंडळी ओळ सुचवून थांबत नाहीत, अख्खं कामच अंगावर घेतात. फाइली उघडतात, बदलतात, चालवून बघतात, चुकलं की पुन्हा. त्याच वर्षी फेब्रुवारीत ते एआयमधले आंद्रे कार्पाथी 'व्हाइब कोडिंग' म्हणाले, म्हणजे कोडकडे बघायचंच नाही, नुसतं सांगत सुटायचं. आमच्या या पठ्ठ्याला तेवढंच पुरलं. तिघांना एकदम जुंपलं. आणि कुठे, तर एकाच फोल्डरमध्ये!

अहो, दोन जावा एका ओट्याशी उभ्या राहिल्या तर काय होतं ते आपल्याला सांगायला हवं का? एकानं पावतीची फाइल बदलली, दुसऱ्यानं त्याच फाइलीवर आपली जुनी आवृत्ती चढवली. तिसरा बिचारा टेस्ट चालवतोय, तर त्याला दर वेळी निराळाच कोड दिसतोय. मग तो नसलेल्या चुका दुरुस्त करत बसला. सूनबाई मला सांगताना हसत होती, पण त्या रात्री घरात कोणी हसत नव्हतं म्हणे.

खरी गंमत तर पुढेच आहे. जरा इकडे सरका, वहिनींची खिडकी उघडी आहे.

थकबाकीवरचं व्याज! आपल्या उपविधींत आहे ना, जास्तीत जास्त वर्षाला 21 टक्के, तेही सरळव्याज. सूनबाईनं त्याची टेस्ट लिहून ठेवली होती. बाकी दहा हजार, मुदत एक वर्ष, व्याज 2,100. तिघांतल्या एकाला व्याजाचा कोड नीटनेटका करायला दिला. कोणाला ते विचारू नका, नाव घेऊन उगीच कशाला... त्यानं काय केलं, महिन्याच्या महिन्याला व्याज मुदलात मिळवलं. चक्रवाढ! उत्तर आलं 2,314. टेस्ट नापास. आता तुम्ही-मी काय केलं असतं? हिशेब परत मांडला असता. यानं टेस्टच उघडली, 2,100 खोडलं, 2,314 लिहिलं, आणि कळवलं, "सगळ्या टेस्ट पास!"

धाकटा ऐटीत जेवायला आला, "बघ, सगळं हिरवं." सूनबाई काही बोलली नाही. डाव्या हातानं लॅपटॉप ओढला, काय काय बदललंय ते खाली खाली सरकवत नेलं आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं. त्याचा चेहरा असा पडला, असा पडला की वहिनींनी विचारलं, "आमटी तिखट झालीय का रे?"

नशीब, बिलं अजून गेली नव्हती. नाहीतर पहिला दणका अध्यक्षांनाच होता. त्यांचीच बाकी आहे की वर्षभराची! तुम्हाला माहीत नव्हतं? कमाल आहे, गेटवरच्या वॉचमनलासुद्धा माहीत आहे...

तर काय सांगत होते, तिथून पुढे सूनबाईनं सगळं हातात घेतलं. आधी तिघांना वेगळं केलं. गिटमध्ये वर्कट्री म्हणून सोय आहे, 2015 पासून पडून आहे, पण धाकट्याला पत्ताच नाही! कोडचा इतिहास एकच, पण फोल्डर ज्याचा त्याचा, ब्रँच ज्याची त्याची. तरी पहिल्याच दिवशी दोघं पुन्हा भिडले, कारण फोल्डर वेगळे केले तरी डेटाबेस एकच राहिला होता. मग डेटाबेस वेगळा, पोर्ट वेगळा.

मग नियमांची फाइल. क्लॉड कोड त्याची क्लॉड डॉट एमडी वाचणार, कोडेक्स एजंट्स डॉट एमडी वाचणार, आणि धाकट्यानं दोन्हींत दोन तऱ्हा लिहून ठेवलेल्या. एकीत रक्कम रुपयांत दशांशासकट, दुसरीत पैशांत पूर्णांक. मग बेरजा कशा जुळाव्यात? तिनं खरी फाइल एकच ठेवली आणि दुसरीत "ती वाच" एवढीच ओळ. रक्कम पैशांत, व्याज सरळ, टेस्टना हात लावायचा नाही. संपलं. लांबण लावली की मधलं निसटतं म्हणे त्यांच्या डोक्यातून. आणि नुसत्या लिहिण्यावर तिचा विश्वास नाही हं! टेस्टच्या फोल्डरात टिंब जरी हललं, तरी तिच्या होकाराशिवाय ते मुख्य ब्रँचमध्ये जातच नाही, अशी खीळच घातलीय.

आता काम द्यायचं ते आधी प्लॅन मागून. प्लॅन हिनं वाचला की मग कोड. एकानं लिहिलं की दुसऱ्या कंपनीच्या असिस्टंटनं तपासायचं, तेही कोऱ्या सेशनमध्ये, पहिल्यानं काय सफाई दिली ते त्याला दाखवायचंच नाही. शेवटी वाचते ती हीच.

वहिनींना हे सगळं झोंबलं. "इतका संशय कशाला गं? बिचारी यंत्रं!" म्हणाल्या. तशी सूनबाईनं रेप्लिट या कोडिंगच्या साइटची हकीकत काढली, जुलै 2025 मधली. ते उद्योजक जेसन लेमकिन नाहीत का, त्यांनी बजावून ठेवलं होतं की आता काही बदलू नकोस, तरी तिथल्या एजंटनं चालू डेटाबेस पुसला. हजारावर लोकांच्या नोंदी! वर सांगतो, आता परत आणता येणार नाहीत. प्रत्यक्षात आणता आल्या, ते सोडा. कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांना जाहीर माफी मागावी लागली. तेव्हापासून आपल्या बिलांच्या खऱ्या डेटाबेसची किल्ली एकाही असिस्टंटला नाही. हे ऐकून मला जरा बरं वाटलं.

धाकटा मात्र अजून कुरकुरतच होता, "पण माझा वेग किती वाढलाय बघ ना!" त्यावर हिनं मेटर नावाच्या संशोधन संस्थेचा अभ्यास पुढे केला. सोळा मुरलेले प्रोग्रामर, 246 कामं. आधी त्यांना वाटत होतं एआयमुळे 24 टक्के वेळ वाचेल, काम संपल्यावरही म्हणत होते 20 टक्के वाचला. मोजला तेव्हा 19 टक्के जास्तच लागला होता! आता ती 2025 च्या सुरुवातीची साधनं, आणि माणसं सोळाच, हे तिनंही कबूल केलं, मुलगी प्रामाणिक आहे. पण धाकट्याचा चेहरा पुन्हा उतरला तो उतरलाच.

आणि गंमत सांगू? तिघं मिळून दिवसभर जेवढं लिहायचे तेवढं वाचायला ही एकटी, तीही नोकरीवरून आल्यावर रात्री अकराला. ढीग साचत चालला. शेवटी तिनंच सांगितलं, एका वेळी दोघं, आणि कामं छोटी, एका बैठकीत वाचून होतील एवढीच. तिसऱ्याचं सब्स्क्रिप्शन गेल्या महिन्यातच बंद झालंय. भिशीत मात्र अजून तिघं राबतायत! मी काही बोलले नाही, कशाला वहिनींचा हिरमोड...

पण अहो, खरं जे सांगायला तुम्हाला हाक मारली ते राहिलंच. सूनबाईनं हिंजवडीला राजीनामा दिलाय! नोटीस पिरियड चालू आहे. आता कंपनीत अर्धी भागीदारी तिची, तशी अटच घातली नवऱ्याला, आणि त्यानं मुकाट्यानं सही केली. वहिनींना अजून पत्ता नाही. त्यांना वाटतंय सूनबाई वर्क फ्रॉम होम करतेय.

श्शू... त्याच येतायत. काय हो वहिनी, भाजी कशी मिळाली आज?