सलाबतखान, मार्फत चांदबीबी महाल

खानसाहेब, कुर्निसात.

पत्ता वाचून रागावू नका. ‘सलाबतखानाची कबर, शहा डोंगर’ असं सांगितलं तर नगरचा रिक्षावाला डोकं खाजवतो. ‘चांदबीबी महाल’ म्हटलं की पाथर्डी रस्त्यानं थेट तुमच्या दारात आणून सोडतो. तुम्ही 1589 साली वारलात. चांदबीबीनं मोगलांविरुद्ध नगरचा भुईकोट किल्ला लढवला तो 1595-96 मध्ये. म्हणजे ती लढत होती तेव्हा तुम्ही तळघरात कधीच मुक्कामाला आला होतात. तरी वास्तू तिच्या नावावर चढली. सातबारा असता तर तलाठ्याकडे हेलपाटे घातले असते; लोकांच्या तोंडातली नोंद कोणत्या अर्जानं बदलायची?

शिवाय तुम्ही केलंत तरी काय? कारभार. नगरचा सुलतान मुर्तजा निजामशहा वर्षानुवर्षं दार लावून बसला, लोक त्याला ‘दिवाना’ म्हणू लागले, आणि राज्य तुम्ही हाकलंत. फराहबागेतला महाल पुरा केलात. वेळेवर काम करणाऱ्यावर पोवाडा रचल्याचं ऐकिवात नाही.

तुमची कबर मात्र टेहळणीलाच बांधल्यासारखी दिसते. आठ कोन, तीन मजले, सुमारे 70 फूट उंची. डोंगर समुद्रसपाटीपासून 3,080 फुटांवर. आमच्या जिल्ह्याचा समुद्राशी संबंध उरलाय तो एवढाच. पण तुमच्या काळी नगरला बंदर होतं! चौल. तिथं पोर्तुगीजांना किल्ला बांधू दिला तो पहिल्या बुऱ्हाण निजामशहानं. 1524 मध्ये तो पुरा झाला. मग 1570 मध्ये त्यालाच तुमच्या मुर्तजानं वेढा घातला आणि काही महिन्यांनी हात हलवत परतला. 1594 मध्ये दुसऱ्या बुऱ्हाणानं खाडीपलीकडे कोर्लईच्या डोंगरावर बांधकाम काढलं, पोर्तुगीजांवर नजर आणि तोफा ठेवायला. त्यांनी त्याच वर्षी ते जिंकलं. बांधायचं आम्ही, टेहळायचं त्यांनी. आता नगरकर सुट्टीत चौलला लागूनच्या रेवदंड्याला जातात, पापलेट खातात, कोर्लईचं दीपगृह पाहून येतात. आपण आपल्याच जुन्या बंदरावर उभे होतो, हे परतीच्या गाडीतही कुणाच्या ध्यानात येत नाही.

तुम्हीही कोकणात गेलात खरे, पण कैदी म्हणून. विजयनगरच्या रामराजाच्या लुटीतले दोन रत्नहार मुर्तजाच्या एका मर्जीतल्या व्यक्तीनं मागितले, मुर्तजानं ‘देऊन टाका’ म्हटलं, आणि तुम्ही दुसरेच हार पुढे केलेत. इतिहासकार फरिश्ता सांगतो, मुर्तजाला हे कळलं तेव्हा त्यानं समोरची सगळी रत्नं आगीत टाकली. पुढे बिनसत गेलं. कुठल्या किल्ल्यात जाऊ, असं तुम्हीच विचारलंत. उत्तर आलं दंडाराजपुरी. तुम्ही स्वतःच्या हातानं पायांत बेड्या घातल्यात आणि पालखीत बसलात. साहेब, हे आमच्याकडे कुणाला सांगू नका. आमच्या मंत्र्यांना अटक म्हटलं की छातीत कळ येते, आणि दंडाराजपुरीऐवजी रुग्णालयाची वातानुकूलित खोली मिळते.

वास्तूची ख्यालीखुशाली विचाराल, तर ठीक आहे. इंग्रजांना तुमच्याकडची हवा आवडली, त्यांनी आजारी गोऱ्या सोजिरांना तिथं ठेवलं. आमच्या पोरांना भिंती आवडतात. पुरातत्त्व खात्याच्या फलकावर दंडाची ताकीद आहे. बाण घुसलेल्या बदामांवर तिचा परिणाम झालेला दिसत नाही. कमानीत उभं राहून फोटो काढणाऱ्यांना राणीचं शयनगृह कुठं होतं, असा प्रश्न पडतो. खाली कुणी निजलंय, हे पायऱ्या उतरून बघायला त्यांना वेळ नसतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नगरकर (हल्ली अहिल्यानगरकर. नाव बदलणं म्हणजे काय, ते तुम्हांला मी काय सांगावं!)

ता. क. ते खरे हार कुठं ठेवलेत, हे उत्तरात लिहू नका. गुप्तधनाचा सुगावा लागला तर लोक रातोरात तुमचं तळघर खणतील, आणि ही वास्तू नेमकी कुणाची, याची पहिली सरकारी चौकशी त्या खड्ड्यावरून सुरू होईल.