जोडलेखन : चेटकीण कुणाची, राक्षस कुणाचा

दोन मैत्रिणींनी मिळून कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली, चेटकिणी आणि राक्षसांनी भरलेली कादंबरीमालिका हा जोडलेखनाचा सर्वांत अवघड प्रकार समजला जातो. तो एका बैठकीत होत नाही आणि सहसा एका गावातही होत नाही. दोघी एकाच गावात राहत असल्या तर त्या नुसत्या बोलत बसतात. लिहिणे व्हायचे असेल तर मध्ये थोडे अंतर लागते. त्या दृष्टीने नांदेड आणि लातूर ही गावे सोयीची आहेत. मध्ये लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावे पडतात. उठून चहाला जावे इतके हे अंतर जवळ नाही आणि भांडण मिटवायला जाता येऊ नये इतके लांबही नाही.

नमुन्यादाखल येथे एक जोडी धरली आहे. दोघी एकेकाळी एकाच वसतिगृहात राहिलेल्या. एक आता नांदेडच्या शाळेत मराठी शिकवते, दुसरी लातुरात रसायनशास्त्र. पुढे पहिलीचा उल्लेख ‘नांदेडच्या बाई’ आणि दुसरीचा ‘लातूरच्या मॅडम’ असा केला आहे. मराठी शिकवणारी ती बाई आणि रसायनशास्त्र शिकवणारी ती मॅडम, हा नियम मराठवाड्यात कुठेही लिहिलेला नाही, पण मोडलेलाही कुठे दिसत नाही.

या प्रकाराचा इतिहास मराठवाड्यातच सुरू होतो. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त त्याची हकिगत आहे. शंकराचे दोन गण, पुष्पदंत आणि माल्यवान. शंकर पार्वतीला सात विद्याधर राजांची कथा एकांतात सांगत असताना पुष्पदंताने ती चोरून ऐकली आणि घरी जाऊन बायकोला सांगितली. बायको पार्वतीचीच दासी. तिने ती पार्वतीला नवी म्हणून ऐकवली. अप्रकाशित मजकूर फुटल्याची ही फार जुनी नोंद होय. पार्वतीने पुष्पदंताला शाप दिला. माल्यवान मित्राची रदबदली करायला गेला, तर त्यालाही शाप मिळाला. जोडीदाराची बाजू घेताना मजकूर कुणी फोडला याची आधी चौकशी करावी, हा जोडलेखनाचा पहिला धडा येथून मिळतो.

माल्यवान पुढे गुणाढ्य म्हणून जन्मला आणि प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारी लागला. राजाला संस्कृत शिकायचे होते. व्याकरणाला बारा वर्षे लागतात, पण मी सहा वर्षांत शिकवीन, असे गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्मा नावाच्या दुसऱ्या पंडिताने सहा महिन्यांत अभ्यासक्रम पूर्ण करून देण्याची हमी दिली आणि ती पाळली. क्रॅश कोर्सचा हा विजय लातुरात आजही समजण्यासारखा आहे. पैज हरलेल्या गुणाढ्याने ठरल्याप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशी बोली, तिन्ही सोडल्या. उरली ती पिशाचांची भाषा, पैशाची. विंध्याच्या अरण्यात काणभूती नावाच्या पिशाचाने सांगायचे आणि गुणाढ्याने लिहायचे, अशी सात वर्षांत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ झाली. शाई नव्हती म्हणून ती रक्ताने लिहिली. राजाने हस्तलिखित साभार परत केले. मग गुणाढ्य एकेक पान वाचून आगीत टाकू लागला आणि अरण्यातले प्राणी चरणे सोडून ऐकत बसले. प्राणी वाळले, त्यांचे मांस कोरडे झाले, ते खाऊन राजा आजारी पडला. चौकशीअंती राजा स्वतः अरण्यात आला, तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते; एक लाख वाचले. राक्षसकथा प्रकाशकाला पटत नाही, श्रोत्याला पटते आणि प्रकाशकाला ती पटवायची तर परिणाम त्याच्या ताटापर्यंत जावा लागतो, हा दुसरा धडा.

त्यानंतरची नोंद करण्याजोगी जोडी थेट परदेशात सापडते. टेरी प्रॅचेट आणि नील गेमन या दोघांनी ‘गुड ओमेन्स’ ही सैतान, देवदूत आणि एका भविष्यवेत्त्या चेटकिणीची कादंबरी १९९० साली प्रसिद्ध केली. ती त्यांनी फोनवर बोलून आणि फ्लॉपी डिस्क टपालाने पाठवून लिहिली. अमेरिकेतल्या कॅमी गार्सिया आणि मार्गारेट स्टोल या मैत्रिणींनी किशोरवयीन वाचकांनी पैज लावली म्हणून जादूगारांच्या घराण्याची गोष्ट लिहायला घेतली. ‘ब्यूटिफुल क्रीचर्स’ हे तिचे पहिले पुस्तक २००९ साली आले आणि पुढे मालिका झाली. मराठीत मात्र चेटकीण आणि राक्षस एकाच हाताखाली नांदले. रत्नाकर मतकरींनी ‘अलबत्या गलबत्या’ही लिहिले आणि ‘निम्मा शिम्मा राक्षस’ही. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकर आणि २०१८ नंतर वैभव मांगले यांनी गाजवली. सबब, मराठी वाचकाच्या मनातल्या चेटकिणीला बहुधा दाढी करावी लागते, हे नव्या लेखिकांनी गृहीत धरावे.

लेखनाची पहिली पायरी म्हणजे भूगोलाची वाटणी. नांदेडच्या बाईंच्या वाट्याला गोदावरी, कंधारचा खंदकाचा किल्ला आणि माहूरचे जंगल येते. माहूरचे जंगल घ्यायचे, शिखर घ्यायचे नाही. रेणुकामातेच्या हद्दीत चेटकीण आणली तर पत्रे वाचकांची येत नाहीत, नातेवाइकांची येतात. लातूरच्या मॅडमना औसा आणि उदगीरचे किल्ले मिळतात, खरोशाची लेणी मिळतात. पाण्याची भुते मात्र सगळी नांदेडला जातात. साती आसरा, डोहातला गिऱ्हा यांना डोह लागतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या गावात जलराक्षसाला ठेवायचे कुठे? मॅडमनी तो टँकरमध्ये ठेवून पाहिला. बाईंचा आक्षेप असा, की उन्हाळ्यात टँकर गल्लीत थांबल्यावर घागरी घेऊन येणाऱ्या बायकांपुढे कोणताही राक्षस टिकणार नाही. आक्षेप मान्य झाला.

जमिनीखालचा राक्षस मात्र दोन्ही बाजूंनी वर्ज्य आहे. भूमी हादरवणारा असुर कोणत्याही फँटसीत सहज येतो. पण ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट किल्लारीच्या परिसराने पाहिली आहे आणि ज्या घरांत त्या पहाटेचा उल्लेख अजून आवाज खाली करून होतो, त्याच घरांत हे पुस्तक वाचले जाणार आहे. या कलमावर चर्चा झाली नाही.

दुसरी पायरी पात्रांची निवड. भुते आयात करण्याची गरज पडत नाही. पिंपळावरचा मुंजा, वेताळ, खवीस, हडळ, जखीण, वाट चुकवणारा चकवा हे सर्व उपलब्ध आहेत. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुंजा वयाने वाचकांच्या जवळचा, म्हणून त्याला नायकाचा मित्र करण्याकडे कल असतो. चकव्याचा उपयोग प्रकरणे वाढवण्यासाठी होतो.

चेटकिणीचे वाहन हा स्वतंत्र प्रश्न आहे. इंग्रजी चेटकीण झाडूवर बसून उडते. मराठी घरात झाडू ही लक्ष्मी. लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहतात, तिला पाय लागला तर नमस्कार करतात. तिच्यावर स्वार झालेली चेटकीण खिडकीबाहेर जाण्याआधीच आजीच्या हातचा मार खाईल. सूप, मुसळ आणि पाटा यांचा विचार झाला. पाट्याचे वजन मॅडमनी हिशेबात धरले आणि तो उडवण्यास नकार दिला. अखेर चेटकिणीला एसटीने पाठवायचे ठरले. एसटीला लोक लालपरी म्हणतातच, त्यामुळे मालिकेला एक परीही फुकटात मिळाली.

चेटकिणीबाबत कायदाही पाहावा लागतो. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या खुनानंतर आधी वटहुकूम आणि डिसेंबरात कायदा आला, तो ‘महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध घालण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम’. हे नाव एका दमात म्हणून दाखवणाऱ्या पात्रास मालिकेत महामांत्रिकाचे पद आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. कायदा गोष्टीतल्या चेटकिणीला हात लावत नाही. खऱ्या माणसावर करणीचा आळ घेऊन त्याचे जगणे अवघड करणाऱ्याला लावतो. म्हणून या मालिकेत एक शिस्त आहे. गावाने जिला चेटकीण ठरवले, ती कधीच चेटकीण निघत नाही. खरी चेटकीण कुणाला ओळखू येत नाही, कारण ती ग्रामसेवकाच्या सहीसाठी रांगेत उभी असते.

तिसरी पायरी भाषा. नांदेडकडचा माणूस ‘काय करायलास?’ विचारतो, लातूरकडचा ‘काय करलालास?’. नायक कुणासारखा बोलणार यावर तीन प्रकरणे अडून राहतात. सर्वमान्य तोडगा म्हणजे नायक अहमदपूरचा करणे. मग तो दोन्ही बोलतो आणि दोघींनाही तो दुसरीकडे झुकलेला वाटतो.

चौथी पायरी प्रत्यक्ष लेखन. एकीने एक प्रकरण, दुसरीने पुढचे, ही पद्धत रूढ आहे. येथे स्वभावांचा संघर्ष होतो. बाईंनी काढ्यात ‘चिमूटभर स्मशानराख’ लिहिले. मॅडमनी समासात विचारले : चिमूट कुणाची, राक्षसाची की चेटकिणीची? राख पाण्यात विरघळते की गाळ बसतो? उकळी किती वेळ? बाईंच्या मते ही जादू आहे. मॅडमच्या मते जादू असली म्हणून प्रमाण चुकवायचे कारण नाही, आणि लातूरची पोरे नेमके तेच विचारतील. या वादातून मालिकेतली जादू नियमात बसली. जी जादू दुसरीला समजावून सांगता येत नाही ती पुस्तकात येत नाही, असे सूत्र ठरले. एकट्या लेखकाला हे सूत्र सहसा सापडत नाही, कारण त्याचे सगळे त्याला आधीच पटलेले असते.

सर्वांत मोठा पेच पाचव्या प्रकरणात येतो. बाईंनी कंधारच्या खंदकात मुख्य राक्षस मारला. मॅडमना तो नवव्या प्रकरणात उदगीरच्या किल्ल्यावर हवा होता. संध्याकाळी निरोप गेला : “अगं, मारलंस का त्याला? माझी चार प्रकरणं उभी आहेत त्याच्या जिवावर!” उत्तरादाखल आलेल्या व्हॉइस नोटमध्ये क्रमाने पुढील गोष्टी ऐकू येतात : कुकरची शिट्टी, “तो फार बोलायला लागला होता गं” हे स्पष्टीकरण, दुसरी शिट्टी, आणि मागून सासूबाईंचा आवाज, “राक्षस मारून झाला असंल तर भाकरी टाक.” राक्षसाला जुळा भाऊ काढून प्रकरण मिटवण्यात आले आणि नियम झाला. बचत गटाच्या खात्यातून पैसे काढायला जशा अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या लागतात, तशा यापुढे कोणत्याही राक्षसाला मारायला दोघींची संमती लागेल. या नियमामुळे मालिकेत राक्षसांची संख्या फार वाढते, हा त्याचा ज्ञात दोष आहे.

वाचक हा विषय लवकर आटोपतो, कारण वाचक कमी आहेत. बारा ते अठरा हे मालिकेचे वय, आणि लातूर पॅटर्नचेही, म्हणजे तिथल्या क्लास-टेस्टच्या शिस्तीचेही, तेच वय. मूल या काळात सकाळी एका क्लासला, दुपारी दुसऱ्याला आणि रविवारी टेस्टला असते. बारावीपर्यंत वाचायला वेळ नसतो, बारावीनंतर वाचायचे वय राहत नाही. पुस्तक जीवशास्त्राच्या नोट्समध्ये घालून वाचले जाते, म्हणून त्याचा आकार नोट्सपेक्षा मोठा नसावा. ‘याने मार्क वाढतील का?’ असे पालक विचारतात. यावर मॅडम काढ्याचे प्रकरण उघडून दाखवतात आणि पालक पुस्तक घेतात.

प्रकाशनाच्या वेळी मुखपृष्ठावर आधी कुणाचे नाव, हा प्रश्न वर्णानुक्रमाने सोडवावा, असा संकेत आहे. वर्णानुक्रमात मागे पडणारी लेखिका पुढच्या भागात उलट क्रम मागते. तो द्यावा, कारण पुढचा भाग तिलाच सुरू करायचा असतो. मानधन निम्मे-निम्मे. हे कलम अमलात आणण्याची वेळ उशिरा येते.

कायद्याच्या बाजूने १९५७ चा कॉपीराइट अधिनियम जोडलेखनास अनुकूल आहे. संयुक्त कृती म्हणजे जिच्यात एकीचा वाटा दुसरीच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही ती, अशी त्यात व्याख्या आहे. म्हणजे ‘राक्षस माझा, चेटकीण तुझी’ असे चारचौघांत म्हणणे मैत्रीलाच नाही, हक्कालाही घातक ठरते. या कृतीचे हक्क, सर्वांत शेवटी मरणाऱ्या लेखिकेच्या निधनानंतर साठ वर्षे चालतात. दोघींपैकी एक जरी दीर्घायुषी निघाली तरी दुसरीच्या नातवंडांचा फायदा होतो. परिणामी, जोडलेखनात प्रत्येकीचा हितसंबंध दुसरीच्या तब्येतीत गुंतलेला असतो. लातूरच्या मॅडम रोज रात्री नांदेडला फोन करून बीपीची गोळी घेतली का, असे विचारतात. त्यात मैत्री किती आणि मालिकेचे हक्क किती, हे वरील व्याख्येनुसार वेगळे काढता येत नाही.