मेड इन, पुढे गंज

वाडा बिल्डरला द्यायचा ठरला आणि जिन्याखालच्या अडगळीतून काकांची सायकल बाहेर निघाली. काका तिच्यावरून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जात. चोवीस इंची फ्रेम, रॉडचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर आणि वर कोळिष्टकांचं मखर. माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हिंटेज!"

"काकू, ही विकायची घाई करू नकोस," मी म्हणालो.

"घाई कसली? भंगारवाला पाचशे म्हणतोय, मी सहाशेवर अडून बसलेय."

पाचशे! मी मनातल्या मनात पन्नास हजारांपासून सुरुवात केली.

हँडलखालचा पितळी मोनोग्राम चिंचेने घासला. हर्क्युलस. बर्मिंगहॅमची कंपनी, १९१० साली क्रेन बंधूंनी काढलेली. इथेच वाचन थांबवायला हवं होतं. पुढे लिहिलं होतं की हर्क्युलसचं नाव झालं ते स्वस्ताईमुळे. कामगाराला परवडेल अशी सायकल ढिगाने काढायची, हाच त्यांचा धंदा. म्हणजे साहेबाच्या देशातही ती साहेबाची सायकल नव्हती. मी चाळीस हजारांवर आलो.

त्यात १९४९ साली टी.आय. सायकल्स ही कंपनी निघाली आणि मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलस बनू लागली. तेव्हा आपली बर्मिंगहॅमची की अंबत्तूरची, हा प्रश्न आला. उत्तर मागच्या मडगार्डवर होतं. रॉकेलच्या बोळ्याने पुसत गेलो तशी इंग्रजी अक्षरं उमटायला लागली. 'मेड इन' एवढं स्वच्छ. पुढचं पहिलं अक्षर गंजाने खाल्लेलं, दुसरं 'एन', त्यापुढे नुसता लाल भुगा. इंग्लंड आणि इंडिया या दोन्ही देशांचं दुसरं अक्षर एकच ठेवताना कोणी माझा विचार केला नव्हता. मी अर्थातच इंग्लंड धरून चाललो. गंजाचा डाग मला इंडियापेक्षा लांब वाटत होता. पट्टी लावूनही पाहिली.

स्टर्मी-आर्चरच्या गिअरच्या हबवर बनवल्याचं साल ठोकलेलं असतं, हे ज्ञान हाती आल्यावर मागचं चाक उलटं करून हब खरवडला. वंगणाखाली वंगण निघालं आणि त्याखाली निव्वळ लोखंड. गिअरच नाही तर गिअरचं साल कुठून असणार? सीटच्या नळीवर एक आकडा मात्र सापडला, सुरुवात १९३८! दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षीची सायकल! नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकून मोकळा झालो. संध्याकाळी आणखी घासल्यावर त्यापुढे तीन आकडे निघाले. तो फ्रेमचा नंबर होता. फोटोला तोवर बरेच अंगठे आले होते, त्यामुळे खुलासा राहून गेला.

मग चेनव्हील दिसलं. त्यात बगळे कापलेले. बगळा म्हणजे रॅलेची खूण, नॉटिंगहॅमच्या खानदानी घराण्याची. हर्क्युलसला रॅलेचं चेनव्हील कसं? तेही वाचून काढलं. हर्क्युलसची मालक असलेल्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने १९६० साली रॅले घेतली. झालं! आमची सायकल त्या सोयरिकीचं पहिलं संतान ठरली आणि मी थेट एक लाखावर गेलो. हा सिद्धान्त मी नाक्यावरच्या सायकलवाल्या मिस्त्रींना ऐकवला. ते सत्तरीचे आहेत आणि माझं शेवटपर्यंत ऐकून घेतात, हा त्यांचा मोठा गुण.

"साहेब, चेन घसरायची म्हणून हे माझ्या वडलांनी बसवलं. दुसऱ्या सायकलचं होतं." त्यांनी सीटला टिचकी मारली. "ही लुधियानाची. चिमटा अ‍ॅटलसचा. मागची रीम तुमच्या काकांनी जुन्या बाजारातून आणलेली, बुधवारचा दिवस होता."

"मग मूळची काय आहे?"

त्यांनी सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली. "मोनोग्राम," ते म्हणाले. "तोही रिबिट बदललेला आहे."

जुन्या सायकलची किंमत कशात असते, हे मला त्या दुकानात पंधरा मिनिटांत फुकट कळलं. सगळे सुटे भाग मूळचे हवेत, रंग आणि त्यावरच्या सोनेरी रेघा मूळच्या हव्यात, आणि सायकल मुळात थोडीच निघालेली हवी. रोज वापरायची साधी सायकल या तिन्ही परीक्षांत नापास होते, कारण ती माणसाने रोज वापरलेली असते. काकांनी काही मोडलं की दुरुस्त केलं. पुतण्यासाठी जपून ठेवायला हवी होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

तरीही एका संग्राहक गृहस्थांना घरी बोलावलं. ते सायकलपाशी फार वेळ रेंगाळले नाहीत. वाकले ते पुढच्या चाकाच्या नटापाशी. तिथे तारेने बांधलेला सायकल-कराचा बिल्ला लोंबत होता. पूर्वी सायकलला कर असे, भरला की बिल्ला मिळे. मी तो घासलाच नव्हता.

"हा देता का? हजार देतो."

"आणि सायकल?"

"राहू द्या, आपली घरची आठवण आहे," ते म्हणाले आणि पक्कड मागितली.

हजार रुपये काकूच्या हातावर ठेवले, तेव्हा मी बऱ्यापैकी मिरवत होतो. तिने नोटा मोजल्या, पदराला बांधल्या आणि विचारलं, "बिल्ला विकलास? मग आता ती भंगारवाल्याकडे ढकलत न्यायची कशी? पोलिसाने धरलं तर दंड तू भरणार आहेस का?"